बर्ड जाऊन चारशे वर्षं झाली, तरी झेरॉक्स काढायची नाही म्हणे!

केळफूल
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण इथे गाणारे, पुस्तकवाले, वकील सगळेच पडीक असतात म्हणून इथेच टाकतेय. मी इंग्लंडमध्ये राहते, गावातल्या हौशी कॉयरमध्ये ऑल्टोत (म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात) गाते. या वेळी ईस्टरच्या आधीच्या कार्यक्रमाला विल्यम बर्ड या इंग्लिश संगीतकाराचा चार आवाजांचा मास (कॅथलिक उपासनेचं संगीत) घेतलाय. बर्ड वारला 1623 साली. तरी कंडक्टरबाईंनी पहिल्याच तालमीला दम दिला की छापील पुस्तकाच्या झेरॉक्स चालणार नाहीत, एकतर सगळ्यांनी प्रत विकत घ्या नाहीतर सगळ्यांनी नेटवरची फुकटची उतरवून घ्या, पण निम्मे हे नि निम्मे ते असलं काही करू नका. आता इतक्या जुन्या माणसाच्या गाण्यावर हक्क कुणाचा, हे मला कळेना. बरं दोन्ही प्रती शेजारी ठेवून बघितल्या तर एकीची सुरुवात एका सुरावर, दुसरीची भलत्याच. एकीत काही नोट्सच्या डोक्यावर बारीक शार्प (सूर चढवायची खूण), दुसरीत ते गायब. मग बर्डनं नक्की लिहिलं काय होतं? आणि हे सगळं टिकलं कसं, छापलं कोणी? कुणाला माहीत असेल तर लिहा, गुगल करा म्हणून सांगू नका प्लीज.

उगीच_आपलं
रुमाल टाकून ठेवतो. ऑल्टो वाचून आधी मारुतीच डोळ्यासमोर आली हो.

तिसरी_घंटा
केळफूलताई, हक्क बर्डचा नाही, संपादकाचा. तुमच्या हातातलं पुस्तक बर्डनं छापलेलं नाहीच मुळी. त्याच्या काळी चारी आवाज एकाखाली एक लिहिलेली वही सहसा छापत नसत. चार वेगळ्या वह्या असायच्या, पार्टबुक म्हणतात. सोप्रानोवाल्याच्या वहीत फक्त त्याचीच ओळ, बेसवाल्याच्या वहीत फक्त बेसची. बारच्या उभ्या रेघा नाहीत, शेजारचा काय गातोय ते दिसत नाही, कान टवकारून मोजत राहायचं. आजचा संपादक त्या चार वह्या जुळवून एका पानावर आणतो, जुन्या क्लेफ (कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी खूण) बदलून आजच्या घालतो, नोट्सची लांबी निम्मी करतो (नाहीतर पान बघून आपण सगळं रडतखडत गाऊ), कुठल्या अक्षराखाली कुठला सूर ते ठरवतो.

डोक्यावरचे बारीक शार्प म्हणजे संपादकाचं म्हणणं. त्या काळचे गवय्ये काही ठिकाणी सूर आपोआप अर्धा चढवायचे, लिहायची गरज नसायची. कुठे चढवायचा यावर आजही दोन विद्वानांचं एकमत नाही. प्रामाणिक संपादक म्हणून ते वर बारीक छापतो, म्हणजे तुम्हाला कळावं की हे मूळ वहीत नाही. आणि सुरुवातीच्या सुराचं म्हणाल तर तेव्हा आजच्यासारखी ठरलेली पट्टीच नव्हती, त्यामुळे आजच्या सोप्रानो-ऑल्टोला झेपावं म्हणून कुणी पट्टी वर घेतं, कुणी आहे तशी ठेवतं.

इंग्लंडच्या कायद्यात छापील पानाच्या मांडणीवर प्रकाशनापासून 25 वर्षं हक्क असतो. शिवाय संपादकानं स्वतःचं डोकं घातलं असेल तर त्याचा वेगळा कॉपीराइट. यावर गाजलेली केस आहे, संपादक सॉकिन्स विरुद्ध रेकॉर्ड कंपनी हायपेरिअन. संगीत फ्रेंच, लालांद नावाच्या संगीतकाराचं, तो वारला 1726 ला. रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं, माणूस कधीच गेलाय, संपादकाला रॉयल्टी कसली? 2005 ला अपील कोर्टानं संपादकाच्या बाजूनं निकाल दिला. कोर्टाच्या खर्चानंच कंपनी इतकी वाकली की नवी रेकॉर्डिंग कमी करावी लागली. तुमच्या बाई उगाच घाबरत नाहीयेत.

खवचट_खार
म्हणजे मेहनत बर्डची, पैसा पुतण्याचा! बारच्या रेघा मारल्या आणि हक्क सांगायला मोकळे. उद्या मी ज्ञानेश्वरीला स्वल्पविराम घालून कॉपीराइट घेतो.

पाणिनीचा_पुतण्या
पुतण्या म्हटलंत म्हणून आलो.
खारभाऊ, ज्ञानेश्वरीचं उदाहरण काढलंत ते तुमच्याच अंगाशी येतंय. आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो ती एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 ला शुद्ध केलेली. प्रती करणाऱ्यांनी मध्ये काय काय घुसडलं होतं ते काढून, पाठ ताडून मग प्रत पक्की केली, आणि वर बजावलं की यात कुणी आपली ओवी मिसळू नये. ते काम म्हणजे स्वल्पविराम का? आणि गंमत म्हणजे त्याच सुमारास लंडनमध्ये बर्ड लॅटिन मोटेट (धार्मिक समूहगीतं) लिहीत बसला होता. नाथांनी रॉयल्टी मागितली नाही हे खरं, पण त्यांना घरभाडंही नव्हतं.

खवचट_खार
पैठणला घरभाडं नव्हतं याला आधार काय? :) बाकी मुद्दा मान्य, निम्मा.

बोरूबहाद्दर
मी हस्तलिखितांच्या जतनाचं काम करते (कुठे ते सोडा), त्यामुळे "टिकलं कसं" या भागावर लिहिते.

युरोपातली शाई आपल्या पोथ्यांच्या शाईपेक्षा वेगळी. आपल्याकडे बहुतेक काजळाची, डिंकात घोटलेली. ती कागदावर बसते, कागदाला खात नाही, पाणी लागलं तर मात्र पसरते. त्यांच्याकडे माजूफळ आणि हिराकस. ती शाई कागदाच्या आत मुरते, पुसली जात नाही म्हणून सगळे खूश, पण तिच्यात आम्ल असतं आणि लोह जास्त पडलं तर काही वर्षांनी कागद आतून जळायला लागतो. आधी अक्षराभोवती तपकिरी कड दिसते, मग मागच्या पानावर डाग फुटतो, शेवटी अक्षराच्या आकाराचं भोक पडतं आणि नोटचं डोकं चक्क पानातून गळून खाली येतं.

बर्डच्या काळातल्या जॉन सॅडलर नावाच्या माणसाच्या पार्टबुक्सचं हेच झालं. वह्या ऑक्सफर्डला बॉडलियन ग्रंथालयात आहेत. पानाच्या दोन्ही बाजूंच्या नोट्स एकमेकींत मिसळल्यात, वाचायचं म्हटलं तर डोळे फिरतात. 2014 ते 2017 मध्ये न्यूकॅसल आणि ऑक्सफर्डच्या लोकांनी मिळून ट्यूडर पार्टबुक्स नावाचा प्रकल्प केला. हात लावायची सोय नव्हती, म्हणून उत्तम फोटो काढले आणि स्क्रीनवर एकेक डाग बघून ठरवलं, हा या बाजूचा, हा मागून आलेला. मागचे पुसत गेले. हे यंत्राला जमत नाही बरं का, ज्याला ते संगीत वाचता येतं त्यालाच कळतं की इथे नोट असणार की शाईचा फटका. मूळ कागद तसाच ठेवला, दुरुस्ती फक्त फोटोवर.

खारभाऊ, असं एक पान साफ करायला बसा आणि मग पुतण्यांविषयी बोला.

उगीच_आपलं
खार झाडावर चढली.

मध्यसप्तक
मला या सगळ्या कागदप्रेमाचं थोडं नवल वाटतं. आपल्याकडे बंदिशी शतकानुशतकं तोंडी आल्याच ना? गुरूनं शिकवलं, शिष्यानं घोटलं. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून क्रमिक पुस्तकं छापली तेव्हाही लोक म्हणाले, स्वरलिपीत राग येत नाही. येत नाहीच. मींड कशी लिहिणार? बर्डचंही जे खरं गाणं ते त्या गवय्यांबरोबरच गेलं, आता फक्त सांगाडा आहे आणि तुम्ही सांगाड्याच्या कॉपीराइटवर भांडताय.

तिसरी_घंटा
मध्यसप्तक, तोंडी परंपरा चालते ती अखंड असेल तर. बर्डच्या बाबतीत ती तोडली होती, सरकारनं. 1559 नंतर इंग्लंड प्रोटेस्टंट, लॅटिन मासला बंदी. 1581 पासून चर्चला न येणाऱ्या कॅथलिकाला महिन्याला 20 पौंड दंड, आणि 20 पौंड म्हणजे तेव्हा भल्याभल्यांचं कंबरडं मोडायचं. बर्ड स्वतः कॅथलिक, पण एलिझाबेथ राणीच्या चॅपेलमधला मोठा माणूस, राणीची मर्जी, म्हणून तो वाचला, पण खटले त्याच्यावरही झाले. पुढे तो एसेक्समध्ये स्टॉन्डन मॅसीला राहायला गेला, जवळच इंगेटस्टोनला पीटर घराणं, श्रीमंत आणि कॅथलिक. हे मास तसल्या घरांत दारं लावून गायचे. साठ जणांचा कॉयर नव्हे, एकेका आवाजाला एखाददुसरा माणूस.

उलट त्याच बर्डचं इंग्रजी प्रार्थनासंगीत कॅथेड्रलमध्ये चालू राहिलं, 1641 ला बर्नार्डनं छापलेल्या संग्रहातही आहे. मासचं तसं नाही. कुणी गातच नव्हतं तर शिष्य कुठून येणार? 1841 ला पाच आवाजांचा मास पुन्हा छापला तेव्हा मध्ये सव्वादोनशेच्या वर वर्षं गेली होती. कागद नसता तर सांगाडाही मिळाला नसता.

मध्यसप्तक
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. तरी माझं म्हणणं राहतंच, कागदावरून उभं केलेलं गाणं हे आजच्या लोकांचं गाणं. इंग्लिश कॉयरचा तो थंडगार बिनकंपाचा आवाज बर्डच्या वेळी होता याची खात्री कोण देणार?

तिसरी_घंटा
कुणीच नाही. मान्य. घरात बायकाही गात असणार, तेव्हा आवाजाचा पोत वेगळाच.

अप्पाबळवंत
मास छापले कसे ते राहिलं. मी छापखान्याच्या घरातला म्हणून हा भाग माझा आवडता.

बंदी असलेल्या विधीचं संगीत, तेही लंडनमध्ये छापायचं. तिन्ही मास छापले गेले, पण पुस्तकाला मुखपृष्ठच नाही. छापखाना कुठला, साल कुठलं, अर्पण कुणाला, काही नाही. धाडसाचा भाग एवढाच की पानांच्या डोक्यावर बर्डचं नाव मात्र आहे. मग साल कसं कळलं? 1966 ला पीटर क्लुलो नावाच्या अभ्यासकानं छपाईचेच पुरावे काढले. ओळीच्या सुरुवातीला जी नक्षीदार मोठी अक्षरं असतात ती लाकडी ठशांची. ठसा वापरून वापरून झिजतो, कड तुटते, चीर पडते. टॉमस ईस्टच्या छापखान्यात तेच ठसे इतर पुस्तकांना वापरले होते आणि त्या पुस्तकांवर साल होतं. कुठल्या पुस्तकात चीर किती वाढलीय ते ताडून त्यानं क्रम लावला: चार आवाजांचा 1592-93, तीनचा 1593-94, पाचचा 1595 च्या आसपास. आमच्या आजोबांना खिळ्याचा तुटलेला वेलांटीचा शेंडा बघून कुठल्या केसमधला खिळा ते सांगता यायचं, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

आणि हक्काबद्दल भांडताय तर हेही ऐका, 1575 ला राणीनं बर्ड आणि त्याचे वडीलधारे सहकारी टॅलिस या दोघांना संगीत छापायची 21 वर्षांची मक्तेदारी दिली होती! छापील संगीतच नव्हे, रेघा मारलेला कोरा कागदसुद्धा. पहिलं पुस्तक काढलं, दोघांच्या सतरा-सतरा रचना, राणीच्या कारकिर्दीचं सतरावं वर्ष म्हणून. खप झालाच नाही. दोनच वर्षांत राणीकडे अर्ज, आमचं नुकसान झालं, काहीतरी द्या.

खवचट_खार
संगीत छापणारा प्रकाशक नुकसानीत आणि सरकारदरबारी अर्ज. 450 वर्षांत काय बदललंय?

उगीच_आपलं
आता जीएसटी आहे.

वसईचा_वारा
उशिरा आलो. आमच्याकडे वसईत मिस्सा मराठीत, पण माझ्या आजीला लॅटिन पाठ होतं, अर्थ विचारला की ओरडायची. कीरिये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, आन्युस देई, बर्डनं जे शब्द घेतले तेच. 1960 च्या दशकात व्हॅटिकनच्या परिषदेनंतर लोकभाषेत उपासना आली आणि लॅटिन कॉयर बऱ्याच ठिकाणी आटोपले. चांगलंच झालं असं मला वाटतं, कळायला तर लागलं.

पण मला वेगळंच सांगायचंय. बर्डच्याच काळातला, त्याच्यासारखाच इंग्लिश कॅथलिक एक माणूस आपल्याकडे आला होता की! फादर थॉमस स्टीफन्स. बर्ड राहिला, हा निघून गेला. त्याचा दोस्त थॉमस पाउंड धर्मापायी वर्षानुवर्षं तुरुंगात पडला, हा रोमला जाऊन जेझुइट झाला आणि 1579 ला गोव्यात उतरला. चाळीस वर्षं इथेच, आणि मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं.

आता जतनाचा मुद्दा. ख्रिस्तपुराण 1616 ला गोव्यात राचोलला छापलं, रोमन लिपीत. नंतर 1649 आणि 1654 ला पुन्हा. या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी आज एकही प्रत हाती नाही. एकही! जे वाचलं ते लोकांनी हातानं उतरवून घरात ठेवलं म्हणून. त्यावरून 1907 ला मंगळूरला सालढाण्यांनी छापलं. पुढे लंडनला मार्सडेनच्या संग्रहात देवनागरीतली हस्तलिखित प्रत सापडली. बर्डचं काम छपाईनं तारलं आणि आमच्या स्टीफन्सचं वहीनं.

पाणिनीचा_पुतण्या
_/\_ या प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला.

बोरूबहाद्दर
वारा, त्यात दमट हवा, वाळवी आणि 1684 चा पोर्तुगीजांचा स्थानिक भाषांविरुद्धचा हुकूमही धरा. कोकणपट्टीत कागद तीनशे वर्षं टिकवणं म्हणजे दर पावसाळ्याशी भांडण.

तिसरी_घंटा
"बर्डचं छपाईनं तारलं" हे मासच्या बाबतीत खरं, सगळ्याला लागू नाही. त्याचं बरंच लॅटिन संगीत लोकांनी उतरवलेल्या वह्यांतच आहे. विंडसरचा गायक जॉन बाल्डविन, त्याच्या पार्टबुक्स ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चला आहेत. सहा वह्यांचा संच, त्यातली टेनरची (पुरुषांच्या वरच्या आवाजाची) हरवली. काही रचना दुसरीकडे मिळतात, बऱ्याच मिळत नाहीत. म्हणजे पाच आवाज आहेत आणि मध्ये भोक. मग अभ्यासक बाकीचे आवाज बघून टेनर काय गात असेल ते नव्यानं रचतात.
छापील पुस्तकही तितकंसं सुरक्षित नव्हतं म्हणा. बर्डचं ग्रॅदुआलिया, वर्षभराच्या सणांचं संगीत, दोन भागांत 109 रचना, पहिला भाग 1605 ला आला. त्याच वर्षी पार्लमेंट उडवायचा कट पकडला गेला आणि कॅथलिकांवर आभाळ कोसळलं. शार्ल द लीनी नावाच्या एका परदेशी पाहुण्याला नुसतं हे पुस्तक जवळ बाळगलं म्हणून न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं.

खवचट_खार
म्हणजे टेनर नव्यानं लिहिणाऱ्याला कॉपीराइट द्यायला माझी हरकत नाही. तो निदान काहीतरी लिहितो. पण पूर्ण असलेला चार आवाजांचा मास दरवेळी नव्यानं छापून 25 वर्षं अडवणं मला अजूनही पटत नाही. गेल्या शतकात पैसा तर देणगीचा होता ना? कार्नेगीच्या ट्रस्टनं ट्यूडर चर्च म्युझिकचे दहा जाडजूड खंड छापून दिले. मग फेलोजनं एकट्यानं बर्डचे वीस खंड काढले.

अप्पाबळवंत
ते खंड ग्रंथालयात ठेवायचे. ते हातात धरून गाऊन दाखवा, मनगट जाईल. आणि फेलोज, विंडसरचा पाद्री, त्यानं प्रचंड केलं, पण पुढच्यांना त्याचे पाठ पुरेसे वाटले नाहीत. म्हणून फिलिप ब्रेटच्या देखरेखीखाली बर्डची नवी आवृत्ती काढावी लागली, 1970 पासून 2004 पर्यंत चाललं ते काम. ब्रेट 2002 ला गेला, शेवटचा खंड त्याला बघायला मिळाला नाही. हे तुम्ही देणगीवर किती वेळा करणार? विकत घेणारे कॉयर आहेत म्हणून प्रकाशक उभा आहे.

मध्यसप्तक
आणि काही जुने संपादक बर्डला "सुधारत" होते हे खरं का? मी ऐकलंय, त्याच्या संगीतात एका आवाजात शुद्ध आणि लगेच दुसऱ्यात तोच सूर चढा, असं जाणूनबुजून घासलेलं असतं.

तिसरी_घंटा
खरंय, ते इंग्लिश लोकांचं खास वैशिष्ट्य, आणि एकोणिसाव्या शतकातल्या कानांना ते चूक वाटायचं. म्हणून तर संपादकानं काय बदललं ते पानावर दिसलं पाहिजे असा आग्रह. फुकटच्या प्रतींची गोची तिथे होते. कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी 1998 पासून आहे, काही प्रती इतक्या चांगल्या की विकतच्या मागे पडतील, आणि काहींमध्ये शब्द एक अक्षर पुढे सरकलेला, टाय (दोन नोट्स जोडणारी कमान) गायब, शार्प कुणाचा ते कळत नाही. कुणी केलीय ते नाव बघून घ्यायची. त्याच माणसाच्या दोनचार रचना मूळ छापील वहीच्या फोटोशी ताडून बघा, लगेच अंदाज येतो.

केळफूल
बापरे, मी दोन दिवस इकडे फिरकले नाही तर केवढं झालं! सगळ्यांना धन्यवाद, विशेषतः शाईवालं वाचून नवऱ्यालाही ऐकवलं.

अपडेट: आमच्या बाईंचा मुद्दा कायद्यापेक्षा बार नंबरचा होता. गेल्या वर्षी कुणीतरी वेगळी प्रत आणली, बाई म्हणाल्या बार 40 पासून, निम्मे भलतीकडे, आणि पट्टीही वेगळी, जे काही ऐकू आलं ते बर्डनं कबरीत ऐकलं असणार. आता असं ठरलंय की काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून पूर्ण संच भाड्यानं आणायचा, इथे कॉयरसाठी ती सोय असते, निदान आमच्याकडे अजून बंद झालेली नाही. पेन्सिलीनंच खुणा करायच्या आणि परत देताना खोडायच्या. माझ्या प्रतीत आधीच्या कुणी ऑल्टोनं आन्युस देईच्या शेवटच्या पानावर "श्वास इथे नाही!!" असं लिहून तीन वेळा अधोरेखित केलंय आणि ते खोडायला विसरलीय. बरोबर आहे तिचं, तिथे दोना नोबिस पाचेमला सगळे आवाज एकमेकांवर रेलून खाली उतरतात, ऑल्टोनं श्वास घेतला की भोक दिसतं. ते मी खोडणार नाहीये.

खारभाऊ, भाड्यातून संपादकाला काही मिळतं का ते विचारू का ग्रंथपालांना?

खवचट_खार
विचारा. आणि रेकॉर्डिंग टाका इथे, फुकट.

अप्पाबळवंत
रेकॉर्डिंग टाकण्याआधी प्रकाशकाची परवानगी लागते का ते बघा.

खवचट_खार
झालं यांचं सुरू.